गाडीखालची फरशी

जूनमधला पहिला दणकट पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा फोन वाजायला लागतो. उन्हाळाभर जे कुणाला दिसत नव्हतं ते त्या दिवशी दिसतं. गेटपासून पोर्चपर्यंतची फरशी भिजून गडद झालेली असते आणि गाडीची चाकं जिथे उभी राहतात तिथे चार फिकट चकत्या उठून दिसतात. पाणी त्यांच्यावर पसरत नाही, अळवाच्या पानावर बसावं तसं थेंबाथेंबाने गोळा होऊन बसतं. "एवढीच जागा कोरडी कशी राहिली हो?" असं लोक विचारतात. टायर काळेभोर दिसावेत म्हणून मारलेल्या पॉलिशमधलं सिलिकॉनचं तेल तिथे मुरलेलं असतं. आणि बऱ्याचदा ते माझ्यासारख्याच कुणाच्या तरी हातून सांडलेलं असतं.

मी नाशकात गाड्या धुण्याचं आणि पॉलिशचं काम करतो. सुरुवात झाली २००३ च्या सिंहस्थात. बाहेरगावच्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवल्या जायच्या, ड्रायव्हर मंडळी दिवसभर झाडाखाली बसून असायची, आणि चिखलाने माखलेल्या गाड्या धुऊन द्यायला मी बादली घेऊन फिरायचो. मेळा संपला, बादली राहिली. मग महात्मानगर, कॉलेज रोड, गंगापूर रोड या भागांत पहाटे पाचपासून गाड्या पुसायला लागलो. पुढे पॉलिशचं मशीन घेतलं, मोटारसायकलला मागे पेटी बसवली आणि लोकांच्या दारात जाऊन गाडी चकचकीत करून देऊ लागलो. आता गाडीइतकंच काम गाडीखालच्या फरशीचं येतं. ते काम मी शिकलो ते एक अंगण बिघडवून.

२००८ ची गोष्ट. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका जुन्या बंगल्यात एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. हायस्कुलात विज्ञान शिकवलेल्या. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो. गेटपासून घराच्या पायरीपर्यंत शहाबादी फरशी, मध्ये तुळशीवृंदावन, एका बाजूला पारिजातक. फरशी बंगल्याइतकीच जुनी होती. शहाबादीला मशीनने येते ती चमक वेगळी, आणि घरातल्या माणसांच्या पायांनी, रोजच्या झाडण्या-पुसण्याने येते ती झिलई वेगळी. बाईंच्या अंगणाला ही दुसरी झिलई होती. पहाटेच्या उजेडात ती निळसर करडी फरशी इतकी मऊ दिसायची की चपला काढून चालावंसं वाटायचं.

बाईंच्या मुलाची गाडी मी आठवड्यातून एकदा नीट धुवायचो आणि शेवटी टायरला पॉलिश मारायचो. त्या वेळचं पॉलिश मधासारखं पारदर्शक, रॉकेलसारखा वास असलेलं. मी ते फवाऱ्याने मारायचो, कारण तसं पटकन होतं. अर्धं टायरवर, अर्धं खाली. असं वर्षभर चाललं. दिवाळीच्या आधी बाईंनी अंगण घासून घेतलं तेव्हा चाकांच्या चार जागी काळपट अर्धचंद्र उमटलेले दिसले. साबणाने गेले नाहीत. बाई म्हणाल्या, "हे निघेल का रे?"

मी म्हणालो, "निघेल की." या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते. मला काहीच माहीत नव्हतं. दुकानात जाऊन फरशीच्या डागांवर काय आहे असं विचारलं आणि त्याने संडास साफ करायच्या अ‍ॅसिडची बाटली पुढे केली. तेव्हा ती बाटली कुणालाही मिळायची. उघड्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातले ते २०१३ मध्ये. बाई भाजी आणायला गेल्या होत्या. मी अ‍ॅसिड ओतलं आणि फरशी फसफसायला लागली. पांढरा फेस, आणि घशात जाणारी वाफ. मला वाटलं, डाग उकळून वर येतोय. मी आनंदाने ब्रश आणखी जोरात फिरवला. फेस थांबला तिथे आणखी ओतलं.

पाणी मारलं आणि उन्हात फरशी सुकली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. काळे अर्धचंद्र होते तिथेच होते. त्यांच्याभोवती मात्र पांढरे, खरबरीत फराटे उमटले होते. ब्रशचा एकेक केस मोजता आला असता. झिलई त्या जागेवरून सोलून काढल्यासारखी गेली होती.

घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केलं. पेटीत ब्लीचिंग पावडरची पिशवी होती ती काढली. त्याच वेळी बाई गेटातून आत आल्या. वास आला आणि त्यांच्या लक्षात आलं. वर्गात ओरडाव्यात तशा ओरडल्या, "थांब! ती पिशवी खाली ठेव आधी." मला नळाखाली हात धुवायला लावले, फरशीवर भरपूर पाणी ओतायला लावलं, पायरीवर बसवलं. अ‍ॅसिडवर ब्लीचिंग पावडर पडली की क्लोरीन वायू सुटतो, तो छातीत गेला तर माणूस गुदमरतो, हे मला त्या पायरीवर कळलं. मग बाई त्या फराट्यांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "अरे, शहाबादी म्हणजे चुनखडी," त्या म्हणाल्या. "चुन्याच्या दगडावर अ‍ॅसिड टाकलं की तो विरघळणारच. तो फेस डागाचा नव्हता रे, दगडाचा होता."

मी पैसे भरून देतो म्हणालो. त्यांनी हात हलवला. रागावल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. त्यांच्या यजमानांनी ती फरशी उभं राहून बसवून घेतली होती हे मला माहीत होतं आणि त्यांनी ते त्या दिवशी बोलून दाखवलं नाही, एवढंच.

त्या रात्री झोप लागली नाही. मला सारखे वडील आठवत होते. आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. घरची थोडी द्राक्षबाग होती. पावसाळी हवेत करपा-केवड्याची भीती, म्हणून वडील बोर्डो मिश्रण फवारायचे. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचूद वेगळं भिजवायचं, चुना वेगळा, आणि दोन्ही प्लास्टिकच्या पिंपात एकत्र करायचं. लोखंडाच्या भांड्यात कधीच नाही. मिश्रण झालं की वडील घासलेला विळा त्यात बुडवून धरायचे. बाहेर काढल्यावर पात्याला तांबूस कळा दिसली तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. कारण तसंच फवारलं तर बागेची पानं जळतात. विळा स्वच्छ निघाला तरच पंप पाठीवर. आमच्या घराच्या ओट्यावर त्या मोरचुदाचे निळे ओघळ कायमचे बसले होते, लहानपणी मी त्यांच्यावरून बोट फिरवायचो. इतक्या वर्षांत वडिलांनी एकदाही विळा बुडवल्याशिवाय पंप उचलला नाही. त्याच घरातला मी, आणि बाईंच्या अंगणात एक थेंब कोपऱ्यात टाकून पाहण्याची मला बुद्धी झाली नाही.

चार दिवसांनी मी द्वारका चौकाजवळ राहणाऱ्या एका घिसाईवाल्या मामांकडे गेलो. फरशी घासण्यात त्यांचा जन्म गेला होता. सगळं ऐकून घेतलं आणि घरातून अर्धं लिंबू मागवलं. अंगणात दगडांचे उरलेले तुकडे पडलेले असायचे, ते ओळीने मांडले. शहाबादी, राजस्थानातून येणारा कोटा, कडप्पा, ग्रॅनाइट आणि आपला काळा पाषाण. प्रत्येकावर लिंबाचे दोन-दोन थेंब पिळले आणि म्हणाले, "चहा घे, तोवर तेच सांगतील."

चहा झाल्यावर पुसून पाहिलं. शहाबादीवर मंद डाग, कोट्यावर मंद डाग. कडप्प्याने मला चकवलं. तो इतका काळा, की मी त्याला पाषाणाचाच भाऊ समजायचो. त्याच्यावरही फिकट ठिपका. मामांनी विचारलं, "घरी ओट्यावर लिंबू कापल्यावर बायको ओरडत नाही का?" खरंच की. आमच्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाच्या अर्ध्या फोडीचे गोल किती तरी होते आणि मी ते रोज पाहत होतो. कडप्पाही चुनखडीच. ग्रॅनाइट आणि पाषाण मात्र तसेच राहिले. पाषाण हा आपल्याच पायाखालचा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्र्यंबकच्या डोंगरांचा, पांडवलेणी ज्यात कोरली त्याच जातीचा. लिंबाच्या थेंबाने त्याला काय होणार?

तेव्हापासून माझ्या पेटीत ब्रशच्या आधी लिंबू असतं. नवीन घरी गेलो की गेटच्या मागचा, कुणाच्या नजरेत न येणारा कोपरा शोधतो, थेंब टाकतो, दहा मिनिटं थांबतो. गिऱ्हाइकाला वाटतं मी वेळ काढतोय. वाटू दे.

मामा बाईंच्या अंगणात आले. मी मशीनची वाट पाहत होतो. त्यांनी पिशवीतून दोन हातबट्ट्या काढल्या. "मशीन फिरवलं तर सगळं अंगण फिरवावं लागेल," ते म्हणाले, "आणि मग ही झिलई कुठून आणायची? ती पायांनी येते." तीन संध्याकाळी आम्ही दोघं उकिडवे बसून पाणी ओतत, आधी मध्यम आणि मग बारीक बट्टीने ते फराटे घासत होतो. खरबरीतपणा गेला. पांढरेपणा कमी झाला, गेला नाही. मामांनी सांगितलं, उरलेलं काम बाईंच्या चपला करतील.

काळे अर्धचंद्र तसेच होते. त्यावर मामांनी मला लेप शिकवला. देवघरातला संगमरवर समईचं तेल पितो, पिवळे डाग पडतात, ते काढायला ते लेप लावायचे. मुलतानी माती घ्यायची, तिच्यात टर्पेंटाइन घालून पोळीच्या कणकेपेक्षा सैल गोळा करायचा. डाग आहे त्याच्यापेक्षा दोन बोटं बाहेरपर्यंत, बोटभर जाडीचा थर द्यायचा. वर प्लास्टिक, कडा चिकटपट्टीने बंद. एक रात्र तसंच. टर्पेंटाइन दगडात उतरतं आणि मुरलेलं तेल पातळ करतं. सकाळी प्लास्टिक काढायचं आणि लेप सावलीत वाळू द्यायचा. वाळताना ते पातळ झालेलं तेल वर ओढलं जातं आणि मातीत येतं. भज्यांखालचा कागद तेल टिपतो ना, तसं. वाळला की लाकडी पट्टीने खरवडायचा. जवळपास विडी-काडी नको, कारण टर्पेंटाइन पेट घेतं. आणि घाई नको.

पहिल्या लेपाने काहीच फरक दिसला नाही. मी खचलो. दुसऱ्याने कड पुसट झाली. खरवडलेली माती हातात घेतली तर तिला तोच रॉकेलसारखा वास आणि तेलकट कळा. तिसऱ्याने अर्धचंद्र सावलीइतका फिकट झाला. बाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता राहू दे. एवढं चालेल." मी अजून एक लावायला तयार होतो. "राहू दे," त्या म्हणाल्या. त्यानंतर पुढची नऊ वर्षं त्यांच्या घरची गाडी मीच धुतली.

पुढे शहर बदललं तशा फरश्याही बदलल्या. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गोविंदनगर या भागांत रो-हाउसच्या रांगा उभ्या राहिल्या आणि प्रत्येक दारापुढे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक आले, लाल-करड्या रंगाचे. सिमेंट म्हणजेही चुनाच. अ‍ॅसिडने त्याची वरची साय जाते आणि आतली वाळू उघडी पडते. मग तो ब्लॉक पूर्वीपेक्षा दुप्पट डाग पितो. एका ठिकाणी कुणीतरी जोराच्या पाण्याचं मशीन लावून ब्लॉक धुतले होते. डाग गेला नव्हता, पण दोन ब्लॉकच्या फटींत भरलेली बारीक कच वाहून गेली होती आणि गाडी आत आली की सगळं अंगण दातांसारखं हलायचं. ब्लॉकवरच्या सिलिकॉनला मी गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि नायलॉनचा ब्रश वापरतो. सोडा टाकून वीस मिनिटं ओलं ठेवायचं, मग घासायचं. दोन-तीन वेळा करावं लागतं. लेपापेक्षा सोपं आणि स्वस्त. चकचकीत पार्किंग टाइलवर तर डाग बसतच नाही, वर राहतो, पण तोच जास्त धोक्याचा. एका घरी पहाटे दूध आणायला निघालेले आजोबा सिलिकॉन पडलेल्या ओल्या टाइलवरून घसरले. गुडघा खरचटण्यावर निभावलं. त्या घरी मी फक्त गाडी पुसायचो, पॉलिश दुसऱ्या कुणी मारलं होतं, तरी त्या दिवशी मी तिथली टाइल फुकट साफ करून दिली. माझ्याच धंद्यातून ते तिथे आलं होतं.

गाडीच्या अंगाला लावायच्या वस्तूंची तऱ्हा वेगवेगळी. पॉलिशच्या मशीनमधून कंपाउंडचे पांढरे शिंतोडे उडतात. ते दळलेल्या दगडाच्या पिठासारखे असतात, वाळले की कोरड्या ब्रशने निघतात. ओले असताना पुसले की फटींत बसतात. मेण सांडलं तर लोक गरम पाणी ओततात. ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या झाडाचं कार्नौबा मेण सुमारे ८० अंशांच्या पुढे वितळतं, आणि वितळलेलं मेण दगडाच्या भोकांत उतरतं. ते बर्फाने कडक करून खरवडावं. आता चाकांवर मारायचं एक औषध आलंय, ब्रेकच्या लोखंडी धुळीशी गाठ पडली की जांभळं होतं. रिमवरून जांभळे ओघळ वाहताना पाहायला पोरांना मजा येते, त्याचे व्हिडिओ काढतात. पण ते ओघळ फरशीवर वाळू दिले तर तिथे मळकट जांभळी-तपकिरी कड राहते. मारलं की चाकाखालची जागाही लगेच भरपूर पाण्याने धुवावी लागते, आणि ती आधी ओली करून ठेवावी लागते, म्हणजे दगड पाण्यानेच भरलेला राहतो.

एका डागाने मला बरीच वर्षं छळलं. टायरच्या जागी पडणारा तपकिरी डाग. काळा नाही, चहा सांडल्यासारखा. तेलकट नाही, त्याच्यावर पाणी गोळा होत नाही. फिकट टाइलवर आणि सिमेंटवर तो ठळक दिसतो. पॉलिशचाच असणार म्हणून मी तो स्वतःच्या खात्यावर घेत होतो, सोडा, लेप, सगळं करून थकलो. मग जिच्या टायरला आयुष्यात कधी पॉलिश लागलं नाही अशा एका गाडीखाली तोच डाग दिसला. सातपूरला सिएटचा टायरचा कारखाना आहे, आणि नाशकात टायरच्या कामात आयुष्य घालवलेली माणसं गल्लोगल्ली भेटतात. अशाच एका निवृत्त काकांना मी तो डाग दाखवला. ते हसले. हवेतल्या ओझोनने रबराला बारीक भेगा पडतात, त्या पडू नयेत म्हणून टायरच्या रबरात एक रसायन घातलेलं असतं. ते टायरच्या आतून हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं, ओझोनला स्वतःवर घेतं आणि तपकिरी होतं. गाडी वर्षानुवर्षं एकाच जागी उभी राहिली की तेच फरशीत उतरतं. "तुझी चूक नाही," काका म्हणाले, "टायर त्याचं काम करतोय." तो डाग फिकट होतो, जात नाही. हे मी आता गिऱ्हाइकाला काम घेण्याआधी सांगतो. काही जण दुसऱ्याला बोलावतात. जे थांबतात त्यांना चाकांखाली जुन्या रबरी पायपुसण्याऐवजी, त्याचाही डाग पडतो, पत्र्याच्या किंवा शहाबादीच्या वेगळ्या पट्ट्या ठेवायला सांगतो.

या रसायनाची गोष्ट तिथे संपली असती. पण माझी मुलगी केटीएचएम महाविद्यालयात बी.एस्सी.ला होती, विषय रसायनशास्त्र. तिने एक दिवस जेवताना सांगितलं, "पप्पा, तुमचा तो तपकिरी डाग." अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात पावसानंतर ओढ्यांत कोहो जातीचे सामन मासे अंडी घालण्याआधीच मरत होते. कारण सापडायला बरीच वर्षं लागली. डिसेंबर २०२० मध्ये संशोधकांनी ते प्रसिद्ध केलं. टायरमधल्या त्याच रसायनाचं ओझोनशी मिळून जे होतं ते रस्त्यावरच्या पाण्याबरोबर ओढ्यात जातं आणि त्या माशांना मारतं. आपल्या नद्यांत ते सामन मासे नाहीत. पण जेवण झाल्यावर मी हात धुताना पहिल्यांदाच विचार केला, मी रोज जे पाणी फरशीवरून लोटतो ते कुठे जातं?

खरं तर कुठे जातं हे मला ठाऊकच होतं, फक्त मी ते एका ओळीत मांडलं नव्हतं. इंदिरानगर, मुंबई नाक्याकडच्या पावसाळी गटारांचं पाणी नासर्डीत उतरतं. नासर्डी टाकळीला गोदावरीला मिळते, समर्थ रामदासांनी जिथे तप केलं असं सांगतात तिथेच, नंदिनी म्हणतात तिला तिथे. पुढे गोदावरी निफाड तालुक्यात नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्याला जाते. हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. २०२० मध्ये रामसर यादीत आलेली महाराष्ट्रातली ती पहिली पाणथळ जागा. त्या बंधाऱ्यातून कालवे निघतात, आणि माझ्या बहिणीचं सासर त्या कालव्यावर आहे. भाऊबीजेला मी तिच्या शेतात उभा राहतो तेव्हा तिथलं पाणी माझ्या हाताखालून गेलेलं असू शकतं.

तेव्हापासून काम करण्याची माझी पद्धत बदलली. सांडलेल्या तेलावर मी आधी पाणी टाकत नाही. लाकडाचा भुसा टाकतो, तो पितो, मग झाडून पिशवीत भरतो. खरवडलेला लेप गटारात जात नाही, वाळवून घंटागाडीत जातो. गाडी पाइपाऐवजी दोन बादल्यांत धुतो, आणि शेवटची मळकट बादली गटाराऐवजी घरातल्या मोरीत किंवा संडासात ओततो, म्हणजे ती मलनिस्सारणाच्या नळातून जाते. टायरचं पॉलिश आता पाण्यात केलेलं, दुधासारखं पांढरं वापरतो, ते ताजं असेपर्यंत साबणाने निघतं. फवारा बंद. स्पंजवर चार थेंब घेऊन टायरच्या कडेला, खाली पोत्याची पट्टी. पंधरा मिनिटं थांबून उरलेलं फडक्याने पुसून घेतो, नाहीतर गाडी निघाली की चाक ते गरगर फेकतं, फरशीवरही आणि गाडीच्या दारांवरही. एका टायरला पूर्वी जेवढं मारायचो त्यात आता चार होतात. माझ्या हाताखालच्या पोरांना हे सगळं संथ वाटतं. शेजारचा मुलगा तासाला तीन गाड्या करतो असं ते सांगतात. मी त्यांना म्हणतो, त्याच्या गाड्यांच्या खाली वाकून बघा.

बाई २०१७ मध्ये गेल्या. मुलगा परदेशी. बंगला काही वर्षं बंद होता आणि मग, त्या भागातल्या बऱ्याच बंगल्यांचं झालं तसं, तिथे इमारत उभी राहायची ठरली. गेल्या वर्षी मी त्या रस्त्याने जात होतो तेव्हा गेट उघडं दिसलं. पारिजातक तोडलेला होता. मजूर पहारीने शहाबादीचे दगड उचकटून भिंतीला टेकवून ठेवत होते. जुनी फरशी विकली जाते. मी आत गेलो. मुकादमाला म्हणालो, "दादा, जरा बघू द्या."

दगड ओळखायला वेळ लागला नाही. फराटे जवळजवळ मिसळून गेले होते. मामांचं म्हणणं खरं झालं होतं. तिरपा उजेड धरला तरच ब्रशचे केस दिसत होते. दोन दगड उचलताना मोडले होते आणि मोडलेल्या कडा ताज्या होत्या. चाकाच्या जागेचा एक तुकडा मी उचलून उन्हात धरला.

डाग किती खोल गेला असेल, हा प्रश्न मी किती तरी वर्षं स्वतःला विचारत होतो, आणि त्याचं उत्तर आता माझ्या हातात होतं. वरच्या झिलईपासून खाली साधारण अर्ध्या तांदळाएवढा भाग स्वच्छ, दगडाच्या मूळ करड्या रंगाचा. त्याच्या खाली, तितकीच जाड, एक काळपट रेघ, सरळ, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. तिच्या खाली पुन्हा कोरा दगड. आमच्या तीन लेपांनी वरचं ओढून काढलं होतं. खालचं तेल तिथेच राहिलं होतं, आणि बाई चौथ्या लेपाला नको म्हणाल्यापासून त्याच्यावरून चालत राहिल्या होत्या.

मुकादमाने तुकडा न्या म्हणून सांगितलं. तो पेटीत लिंबाशेजारी ठेवलाय. पूर्ण निघेल का असं कुणी विचारलं की काढून त्यांच्या हातात देतो.